इतवारी ते कारंजा: विजेच्या गाडीचा एक दिवस

धरमपेठेतून इतवारीच्या पेढीवर, आठवड्यातून दोनदा कळमन्याच्या बाजारात आणि सायंकाळी परत: आमच्या गाडीची रोजची धाव पंचवीस किलोमीटरांपलीकडे सहसा जात नाही. रात्री ती घरापाशी उभी असते. साध्या प्लगवर आठवड्यातून एकदा भरली की पुरते. सीताबर्डीच्या गर्दीत ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परतही येते. मे महिन्यात एसी मात्र आपला वाटा घेतो. दोन वर्षांत तिने एकदाही अडवले नाही, म्हणून गेल्या डिसेंबरात आईला कारंजा लाडच्या दर्शनाला याच गाडीने न्यावयाचे ठरले.

पेढीवरचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “२०१७ विसरलात काय?” त्या वर्षी २६ मे रोजी ओला आणि महिंद्रा यांनी नागपुरात दोनशे विद्युत वाहनांचा उपक्रम मोठ्या गाजावाजाने सुरू केला होता. वर्ष उलटण्यापूर्वीच अनेक चालक गाड्या परत करून डिझेलकडे वळण्याच्या गोष्टी बोलू लागले. त्या वेळच्या लहान बॅटऱ्या टॅक्सीला दिवसभर पुरत नसत. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांग लागे आणि रांगेतला प्रत्येक तास म्हणजे बुडालेले भाडे. एका ठिकाणी तर रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्यांना कंटाळून रहिवाशांनी विरोध केला व केंद्र हलवावे लागले. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आमची गाडी दिवसातले बावीस तास उभीच असते, तिचा वेळ फुकटचा. टॅक्सीचा तसा नव्हता.

सकाळी सातला पूर्ण भरलेली गाडी घेऊन निघालो. समृद्धी महामार्गाची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि रस्ता असा की पाय आपोआप दाबला जातो. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून १२० वर गेल्यास तो चौपट होतो. शहरात तीनशे किलोमीटर सहज धावणारी गाडी कारंज्याला पोहोचली तेव्हा दोनशेच्या घरातच सत्तर टक्के वीज खर्ची पडली होती.

कारंज्यात आईच्या मनासारखे झाले. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही मंदिरांत ती सावकाश बसली. येथील भांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते डॉ. हिरालाल जैन यांनी अभ्यासकांपुढे आणली, हे मी मुलांना सांगितले. त्यांचे लक्ष गाडीच्या मोबाइलवरील आकड्यांकडे होते. उतरण्याच्या ठिकाणी पंधरा अँपियरचा प्लग मिळाला. तीन तासांत वीस टक्के वाढले, म्हणजे जेमतेम पन्नास.

परतीच्या वाटेवर योजलेले जलद चार्जिंगचे ठिकाण बंद निघाले. पडद्यावर नुसता संदेश आणि दूरध्वनीवर नुसते संगीत. एसी बंद केला, वेग ऐंशीवर आणला आणि पुढच्या ठिकाणापर्यंत कोणी फारसे बोलले नाही. तेथे एक गाडी आधीच लावलेली होती. पंचेचाळीस मिनिटे तिची, मग आमची. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी मुद्दामच हळू भरते, तेव्हा त्यापुढे थांबण्यात अर्थ नसतो.

आईचा चौविहार आहे. डिसेंबरात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि घर अद्याप तासाभराहून दूर होते. मी घड्याळ पाहत अस्वस्थ येरझारा घालत होतो. आईने पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, चटणीची बाटली उघडली आणि गाडीतच शांतपणे जेवून घेतले. “तुला ठाऊक होते का असे होणार?” मी विचारले. “तुझ्या वडिलांची अँबेसेडर होती,” ती म्हणाली. “तेव्हापासून डबा घेतल्याशिवाय मी निघत नाही.”

घरी पोहोचेतो सहा वाजून गेले होते. फाल्गुनात मुक्तागिरीला जाण्याचा बेत आहे; त्यासाठी धाकट्या भावाची डिझेल गाडी सांगून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी नेहमीप्रमाणे इतवारीत गेली.