चाल तीच, शब्द आपले

छावणी, छत्रपती संभाजीनगर

प्रिय ऋतुजा,


जुनी गाणी जोडून एका बाईच्या मोकळं होण्याची गोष्ट तू बसवते आहेस, हे ऐकून फार आनंद झाला. दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द घातले तर लोक नावं ठेवतील का, असं तू विचारलंस. अगं, आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्यात. जात्यावरची चाल तीच, ओवी ज्या त्या दळणारीची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तिथल्या बायकांनी ओवीतून बाबासाहेब गायले.

इथं छावणीजवळच नागसेनवन आहे, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय तिथलंच. १४ एप्रिलला लाउडस्पीकरवर सिनेमाच्या चाली आणि शब्द भीमाचे. पोरींना सगळं तोंडपाठ. आपल्या शहरातल्या कडूबाई खरात तर एकतारीवर भीमगीतं गातात. भजनाची एकतारी, पण गाणं माणसासारखं जगण्याच्या हक्काचं! ज्योती म्हापसेकरांच्या १९८३च्या ‘मुलगी झाली हो’ नाटकातही लोकगीतांचा असाच वापर आहे. म्हणून तर ते पाहणाऱ्या बायकांना परकं वाटलं नाही.

तू मात्र सात-आठ गाणी घेऊ नकोस. भोंडल्यातलं कारल्याच्या वेलाचं एकच घे. सून माहेरी जाऊ द्या म्हणते, सासू म्हणते आधी वेल लाव. वेल लावला, तर कोंब येऊ दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी. दर कडव्याला नवी अट, आणि आपण लहानपणी हसत-हसत फेर धरायचो! बाईला कसं अडकवून ठेवतात ते इतकं नेमकं मी कुठल्या भाषणात ऐकलं नाही. ही चाल आणि हा वेल तसाच ठेव. पहिली दोन-तीन कडवी जुनीच म्हणा, म्हणजे बायका आपसूक मागं म्हणू लागतील. मग फक्त विनवणीची ओळ बदल. ‘जाऊ द्या’च्या जागी ‘जाते’ येऊ दे. वेलाला पाणी कोण घालणार, हे सासूनं मुलाला विचारावं. एवढं पुरे. त्यावर घोषणा चढवू नकोस, आणि ढोलकी इतकी जोरात नको की शब्द बुडतील.

सिनेमाच्या चाली शक्यतो टाळ. व्हिडिओ टाकायला गेलीस की कंपन्यांची परवानगी आडवी येते. लोकगीताला कुणी मालक नाही.

शेवटचं कडवं मात्र तू लिहू नकोस. समोर बसलेल्या बायकांना माइक दे आणि त्यांनाच ते रचू दे.

तुझी,
मावशी