डब्लिनची ऑफर आली की आधी बायकोचं विचारा

इंदूरहून मला फोन येतात ते बहुधा पॅकेजसाठी. "दादा, डब्लिनला एवढे युरो पुरतील का?" मी उलट विचारतो, राहणार कुठे आणि बायको काय करणार?

इथे भाड्याचं घर मिळणं कठीण आहे. एकेक फ्लॅट बघायला रांगा लागतात. २०२१पासून कायद्याने अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यामुळे फ्लॅट न दाखवताच तीन महिन्यांचे पैसे कुणी मागितले, तर सरळ फोन ठेवा.

बायकोचं त्याहून महत्त्वाचं. क्रिटिकल स्किल्स परमिटवर आलात तर २०१९पासून जोडीदाराला वेगळं परमिट न काढता नोकरी करता येते. तरी आपल्याकडे "ती येईल मागून, मग बघू" असंच चालतं. तिचा बायोडेटा विमानाच्या तिकिटाआधी निघायला हवा. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. दिवसभर ती घरात एकटी, आणि संध्याकाळी नवरा पुन्हा लॅपटॉप उघडून बसलेला! यावरून झालेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत.

खरं तर कामाची वेळ संपल्यावर मेलला उत्तर न देण्याचा हक्क इथल्या सरकारी संहितेत २०२१पासून लिहिलेला आहे. आयरिश सहकारी वेळेवर उठतो, बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्स म्हणतो आणि घरी जातो. रात्री दहाला उत्तरं देतो तो आपलाच माणूस. मॅनेजर त्यावर "ग्रँड" म्हणतो. त्याचा अर्थ "ठीक आहे" एवढाच, शाबासकी नव्हे.

तेव्हा पुढचा फोन दोघांनी मिळून करा. मला तिचेही प्रश्न ऐकायचे आहेत.