रात्रीची पाळी

बरेच शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायची लाज वाटत होती. आता सांगूनच टाकतो.

झालं असं, की डिसेंबरात एका मंगळवारी मी दोन तास कोडच्या एकाच ओळीकडे बघत बसलो. चूक साधी होती, कंडिशन उलटी पडलेली. दिसतही होती. पण हात कीबोर्डवर जाईना. त्याआधी टीममधल्या नव्या मुलीच्या कोडवर मी इतके खवट शेरे मारले होते, की नंतर वाचून माझे मलाच ओळखू आले नाहीत. रात्री अलर्ट नसतानाही फोन वाजल्यासारखा वाटून उठायचो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामाबद्दल कडवटपणा आणि हातून नीट काम न होणं. तिन्ही जुळल्या. गंमत म्हणजे संघटना याला आजार म्हणत नाही, नोकरीतल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. म्हणजे रजेच्या अर्जात ‘आजारी’ लिहिलं तर तेही खोटंच!

असो. दोन आठवडे रजा टाकून पुसेगावला गेलो. (सातारचं नव्हे हो, आमचं हिंगोलीतलं, सेनगाव तालुक्यातलं.) घरी सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. दिवसभर लॅपटॉप उघडून ओसरीत बसायचो.

डोक्यात चित्र होतं शेत, शांतता वगैरे. तिसऱ्याच रात्री साडेबाराला काका मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन निघाले. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. मीही जागाच होतो, गेलो मागे. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं.

“काका, मोटरला ऑटो बसवलाय ना? मग कशाला जायचं?”

“ऑटो मोटर चालू करतंय रे. स्प्रिंकलरचे पाइप कोण उचलील, तुझं लॅपटॉप?”

म्हटलं, हा माणूस तर वर्षानुवर्षं ऑन-कॉल आहे! थंडी, चिखल, पायाखाली काय असेल ते वेगळंच. माझ्या थकव्याची मलाच लाज वाटली. पण त्यांना हे आवडतं असं मुळीच नाही. दिवसा लाईट द्या म्हणून शेतकरी कधीपासून मागतायत. पाइप बदलता बदलता ते म्हणाले, “पुढच्या आठवड्यात दिवसाची पाळी, मग निवांत झोप.” तिथे मी अडकलो. माझीही पाळी कागदावर चार आठवड्यांतून एकदा होती. दोघं सोडून गेले, त्यांच्या पाळ्या माझ्याकडे आल्या, आणि मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

“काका, मी रजेवर आलोय. काम नाही करत.”

“माहितंय. काम करणारा माणूस बटणं तरी दाबतो. दादाला तू सांगतोस का मी सांगू?”

सकाळी मीच सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प बसले, मग एवढंच विचारलं, “फ्लॅटचा हप्ता किती महिने निघेल?” वहीवर मांडलं. सात महिने निघत होते. त्याच दिवशी मॅनेजरला मेल टाकला: चौथ्या आठवड्यालाच पाळी, नाहीतर ही नोटीस समजा.

उत्तर आलं, ‘बघू’. सध्या तिसऱ्या आठवड्यावर गाडी आली आहे. त्या नव्या मुलीची माफी मागितली. झोप अजून दोनला मोडते. मागच्या मंगळवारी अशीच मोडली, म्हणून काकांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. पाइप बदलत होते.