प्याद्यांची वही

बुद्धिबळाच्या इंजिनात ती राहते. प्रोग्रामर तिला पॉन हॅश टेबल म्हणतात. आपण प्याद्यांची वही म्हणू. इंजिन सेकंदाला लाखो स्थिती धुंडाळतं. एवढ्या धावपळीत ही बाई निवांत, कारण तिचा सगळा जीव प्याद्यांत. वजीर कुठे हुंदडतोय, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

तिने हेरलेली गोष्ट साधी आहे: घोडे-उंट सतत जागा बदलतात, प्यादी क्वचितच हलतात. मग त्यांचं मोजमाप दर खेपेला नव्याने का करायचं? एकदा करावं, लिहून ठेवावं. नाशिकच्या रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय गाव-आडनाव विचारून नामावळीतलं नेमकं पान काढतात, तशी ही काढते. आडनावाच्या जागी तिच्याकडे 64 बिटांचा आकडा असतो. ही युक्ती आल्बर्ट झोब्रिस्टची, 1970 सालची: प्रत्येक घरावरच्या प्रत्येक रंगाच्या प्याद्याला एक यादृच्छिक आकडा, आणि सगळ्यांचं मिळून एक्सॉर, म्हणजे तोच आकडा पुन्हा मिसळला की तो निघून जाईल अशी बेरीज.

स्पॅनिश डावात पांढऱ्या उंटाने सी6 वरचा घोडा मारला आणि काळ्याने डी7 च्या प्याद्याने तो उंट घेतला, की ती डी7 चा आकडा वजा करते, सी6 चा मिळवते आणि नवं पान उघडते. नोंद होते: सी पट्टीत काळी प्यादी एकामागे एक, म्हणून काळ्याचे थोडे गुण कापा. मग दोन्हीकडचे घोडे नाचू देत, हत्ती सरकू देत, पान तेच. शंभरात नव्वदहून अधिक वेळा तिला उत्तर तयार सापडतं.

मर्यादाही ती ओळखून असते. एखाद्या प्याद्यापुढे शत्रूचं प्यादं नाही, एवढं ती सांगेल. वाटेत घोडा ठाण मांडून बसलाय का, ते दुसऱ्याला विचारा. राजासमोरची तटबंदी लिहायची तर राजाचं घरही टिपून ठेवावं लागतं. तो हलला की तेवढा हिशेब पुन्हा. आणि जुन्याचा मोह तिला नाही. दोन रचना एकाच पानावर आल्या, तर आधीची खुशाल पुसून टाकते.

2020 मध्ये स्टॉकफिश या इंजिनाची बारावी आवृत्ती स्थितीचं मोल ठरवायला न्यूरल नेटवर्क घेऊन आली. 2023 मध्ये त्या इंजिनातून हाताने लिहिलेलं जुनं मूल्यमापनच काढून टाकलं आणि वहीची नोकरी गेली. पण ती फार काळ रिकामी बसली नाही. अमुक प्यादेरचनेत नेटवर्कचा अंदाज प्रत्यक्ष शोधाच्या निकालापासून किती ढळतो, हे स्टॉकफिश आता लक्षात ठेवतं, आणि ते शोधायला किल्ली लागते ती प्याद्यांचीच. ज्या नेटवर्कने तिला घरी बसवलं, त्याच्याच चुकांची नोंद आज तिच्या हाती आहे.