बाहुलीचा बायोडेटा

तात्या विंचू माहीत नाही असा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. १९९३ सालचा महेश कोठारेंचा 'झपाटलेला', रामदास पाध्यांनी बनवलेला तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज.. आमच्या पिढीने टीव्हीवर त्याची पारायणं केली आणि रात्री बाथरूमला जाताना आईला सोबत नेलं :)

पण तात्याला दुःखद भूतकाळ वगैरे काही नव्हता. माणूस असताना गुंड, पोलिसाची गोळी लागल्यावर मंत्र म्हणून बाहुल्यात शिरला, तिथेही गुंडच. तो असा का झाला, हे आपण कधी विचारलं नाही. त्याला घाबरायचं आणि लक्ष्या वाचला की टाळ्या वाजवायच्या. हिशोब साफ.

'पॉपी प्लेटाइम' या गेममध्ये हा हिशोब बिघडतो. याचा पहिला भाग २०२१ मध्ये आला. खेळण्यांचा एक ओसाड कारखाना आणि आपण तिथले जुने कर्मचारी. पहिल्या भागाच्या शेवटी आपण काचेच्या कपाटातून पॉपी नावाच्या जिवंत बाहुलीला सोडवतो. मग जुन्या व्हिडिओ टेप्समधून हळूहळू कळतं की कंपनी स्वतःच अनाथाश्रम चालवायची आणि तिथल्या मुलांवर प्रयोग करायची. आपल्यामागे धावणारी ती राक्षसी खेळणी म्हणजे एकेकाळची माणसं, त्यातली कितीतरी तर हीच मुलं! २०२४ च्या तिसऱ्या भागातला जांभळा कॅटनॅप हा मुळात थिओडोर नावाचा पोरका मुलगा. आणि त्याच भागाच्या शेवटी पॉपी आपल्याला एक टेप दाखवते. एके दिवशी या खेळण्यांनी कारखान्यातल्या माणसांना मारून टाकलं, त्याची.

आता आमच्या घरचं. आम्ही राहतो कोरेगाव भीमाला. दादा सणसवाडीत एका कंपनीत शिफ्टला जातो. नऊ वर्षांच्या पुतण्याने मित्राच्या मोबाईलवर हा गेम बघितला आणि जेवताना मला विचारलं, "काका, बाबा त्या कंपनीत असते तर त्यांनापण मारलं असतं?"

मी म्हटलं, "अरे, बाबांनी त्या मुलांना काही केलंच नसतं."

"ते खेळण्यांना कसं कळणार?"

मी गप्प. तो भाताशी खेळत म्हणाला, "आणि बाबांना दिसलं असतं तर त्यांनी कुणाला तरी सांगितलं असतं ना?"

च्यायला, हा प्रश्न मला गेम बघताना सुचला नव्हता. मी खेळण्यांची बाजू घ्यायची की माणसांची, एवढ्यातच अडकलो होतो. वाईट भूतकाळामुळे राग कुठून आला ते कळतं, पण रात्रपाळीला आलेला निरपराध कामगार त्याने परत येत नाही. आणि तो कामगार निरपराध होता की नुसताच गप्प होता, हे टेप सांगत नाही.

आम्हा आयटीवाल्यांचं तर विचारूच नका. आपापलं मॉड्यूल चेक-इन करायचं आणि घरी जायचं. एकूण प्रॉडक्ट कुणाचं काय करतंय, हे विचारायला स्टेटस मीटिंगमध्ये वेळ कुठे असतो?

असो. वहिनीने गेमवर बंदी घातली आहे आणि नऊ वर्षांच्या पोरासाठी ते योग्यच आहे. नाईट करून आलेल्या दादाला मी हा प्रश्न सांगितला. चहा पिता पिता तो म्हणाला, "त्याला सांग, सांगितलं असतं म्हणून." मग जरा थांबून, "पण कुणाला सांगायचं रे?"

याचं उत्तर मात्र पोराला काय द्यावं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.