फोटोखालची दुसरी ओळ

महाविद्यालयात मी माध्यम विभागाच्या विद्यार्थ्यांना फोटो एडिटिंग शिकवते. सत्राच्या सुरुवातीला मुलांकडे स्वतःचे चांगले फोटो फारसे नसतात. क्रॉप, लेअर, मास्क, क्लोन स्टॅम्प यांवर हात बसवायला समोर काहीतरी हवं, म्हणून दुसऱ्यांचे फोटो घ्यावे लागतात. "हा कुणाचा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "गूगलचा, मॅडम." छापील मजकुरातही 'सौजन्य : इंटरनेट' अशी ओळ सर्रास दिसते. मग मुलांना तेवढं पुरेसं वाटलं तर नवल काय?

वर्गापुरती कायद्याने आम्हाला मोकळीक दिली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमानुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हक्कभंग ठरत नाही. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठातल्या झेरॉक्स संचांच्या खटल्यात याच तरतुदीचा आधार घेतला. पण काम वर्गाबाहेर पडून प्रदर्शनाच्या भिंतीवर किंवा इन्स्टाग्रामवर गेलं, की हा आधार गृहीत धरता येत नाही. मुलांना तर आपलं काम बाहेर दाखवायचंच असतं, आणि दाखवावंही.

एका विद्यार्थ्याने प्रदर्शनासाठी वारीचा फोटो तयार केला होता. दिवेघाट, भगव्या पताका, चढणीवरची दिंडी. काम सफाईचं होतं. मूळ फोटो मागून घेतला तेव्हा दिसलं, की डाव्या कडेला पाण्याचा टँकर होता आणि त्याभोवती बाटल्या घेऊन वारकरी बायांची झुंबड. टँकर, बाया, कोपऱ्यातलं छायाचित्रकाराचं नाव, सगळं त्याने क्लोन स्टॅम्पने पुसलं होतं. "टँकरमुळे फ्रेम बिघडत होती, मॅडम," तो म्हणाला.

आधी नावाचा विषय काढला. कायद्यात २०१२ साली आलेल्या ६५ब कलमानुसार कलाकृतीवरची अशी ओळख हक्क नसताना जाणूनबुजून काढणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मग प्रतिमा-शोध करून आम्ही मूळ छायाचित्रकार गाठला, त्याला ईमेल केला आणि दोन्ही फोटो जोडले. त्याचा फोनच आला.

"वर्गात मुलांना काय हवं ते करून बघू दे. पण हा भिंतीवर लावून खाली माझं नाव घालू नका," तो म्हणाला. "पाऊस लांबला होता त्या वर्षी. मी पाण्यासाठीच गेलो होतो. तुम्ही माझी बातमीच काढून टाकलीत, आणि नाव मात्र माझं लावताय."

आम्ही नाव देऊन सगळं रीतसर करायला निघालो होतो, आणि त्याची तक्रार नेमकी त्या नावाबद्दल होती. नाव न देणं हा अन्याय आहेच. पण बदललेल्या चित्राखाली फक्त मूळ माणसाचं नाव लिहिलं, तर त्याने कधी न पाहिलेली गोष्ट त्याच्या नावावर जमा होते.

कायद्याचं ५७वं कलम याच जागी कलावंताच्या पाठीशी उभं राहतं. कॉपीराइट विकून टाकला तरी कृती आपली आहे असं सांगण्याचा, आणि नावलौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं होतं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हा खटला मी आता दर वर्षी वर्गात सांगते.

त्या विद्यार्थ्याने काम पुन्हा केलं. टँकर ठेवला, बायांच्या चेहऱ्यांवरची सावली उजळली, आकाशाचा रंग सुधारला. छायाचित्रकाराने हा नवा फोटो पाहिला आणि त्या प्रदर्शनापुरती लेखी परवानगी दिली. फोटोखाली दोन ओळी गेल्या. पहिलीत मूळ छायाचित्र कुणाचं आणि ते परवानगीने घेतलं आहे हे. दुसरीत काय बदललं आणि कुणी.

दुसरी ओळ तेव्हापासून आमच्याकडे सक्तीची आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांतही श्रेयासोबत बदलाची नोंद मागितलेली असते. अशा परवान्याचा फोटो घेताना मुलं आता परवाना वाचतात. 'बीवाय-एसए' असेल तर आपलं कामही त्याच अटीवर खुलं करायचं. 'एनडी' असेल तर बदललेली प्रत बाहेर द्यायची नाही.

परवानगीचा प्रश्नच नको असेल, तेव्हा मी डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर' देते. १९३६ मध्ये अमेरिकी सरकारी नोकरीत असताना कॅलिफोर्नियात काढलेला हा फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून कुणालाही उतरवून घेता येतो. त्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा कडेला दिसत होता. लँग यांनी पुढे तो निगेटिव्हवरच पुसून घेतला, आणि त्यांचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांना ते रुचलं नाही. स्वतःच्याच फोटोतला अंगठा काढावा की नाही यावर वर्गात तासभर वाद चालतो. दुसऱ्याच्या फोटोतल्या टँकरला हात लावण्यापूर्वी मुलांनी हा वाद घालावा, एवढ्यासाठीच तो फोटो असतो.

ही मुलं पुढे स्टुडिओत, दैनिकांत, जाहिरात संस्थांत जातील. रात्री पान सोडायच्या घाईत कुणीतरी सांगेल, "घे गूगलवरून, टाक सौजन्य." त्या वेळी कलमांचे आकडे आठवले नाहीत तरी चालेल. फोटो काढणाऱ्याचं नाव काय, त्याला विचारलं का आणि आपण काय बदललं, हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. पहिल्याचं उत्तर मिळालं नाही, तर दुसरा फोटो शोधावा. माझ्या वर्गात आता असाच नियम आहे, आणि त्याला मी गुण ठेवले आहेत.