पाच मिनिटांत वेबसाइट?

"एआयला सांगा, पाच मिनिटांत वेबसाइट तयार!" असले व्हिडिओ हॉस्टेलवर कोण बघत नाही? फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपाथी यांनी या प्रकाराला 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिलं आणि मग तर पूरच आला.

मीही असे व्हिडिओ करतो, मराठीतून. दिवाळीत खर्डीला गेलो तेव्हा काकांच्या खानावळीची साइट करायला घेतली. ओबीएसवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू. चार ओळी मराठीत लिहिल्या आणि झकास पान समोर! वर ठळक अक्षरांत 'सन १९८५ पासून आपल्या सेवेत', खाली तीन खूश ग्राहकांचे अभिप्राय. काका म्हणाले, "अरे, पंच्याऐंशी साली मी पाचवीत होतो. आणि ही माणसं जेवली कधी?" फोनच्या बटणामागेही भलताच नंबर. हे सगळं निस्तरायला पाऊण तास गेला.

खरी गंमत एडिटिंगला. दाविंची रिझॉल्व्हमध्ये तो पाऊण तास दोन कट मारले की गायब! रूममेट म्हणतो, "उडव रे, लोक स्क्रोल करून जातील." पान लोड होताना वाट बघणं मी खुशाल उडवतो, ते कोणाला हवंय? पण दुरुस्त्या नाही. आपलेच ज्युनियर हे बघून दुकानदाराकडून ॲडव्हान्स घेतात हो! खोटा नंबर छापला गेला तर गिऱ्हाईक कोणाचं तुटणार?

व्हिडिओ नऊ मिनिटांचा झाला. काकांचा पाचवीचा डायलॉग त्यात आहे.